क्रशरवरची धूळ: आधी कॉलरशी मोजा, मग पाणी कुठे मारायचं ते ठरवा

नांदेड जिल्ह्याचा पूर्वेकडचा पट्टा, म्हणजे देगलूर, बिलोली, मुखेडचा भाग, ग्रॅनाइटचा आहे. तिथून पश्चिमेला परभणी, जालना, बीड, छत्रपती संभाजीनगरकडे सरकलं की सगळा काळा पाषाण, बेसाल्ट. दिवस मावळताना क्रशरवर गेलात तर दोन्हीकडचा कामगार डोक्यापासून पायापर्यंत सारखाच भुरका दिसतो. छातीच्या हिशेबाने मात्र या दोन धुळींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकरूप सिलिका, वीस टक्क्यांच्या पुढेच असते. बेसाल्टमध्ये ती फारच थोडी. तरी 'आमचा काळा दगड, आम्हाला काही होत नाही' असं कुणी म्हणालं तर मी लगेच मान डोलवत नाही, कारण बेसाल्टच्या पोकळ्यांत गारगोटी आणि अकीक भरलेले असतात, आणि ती सिलिकाच आहे. कुठल्या खदानीत ती किती, हे नुसतं दगडाकडे बघून कळत नाही.

मी खदानी आणि क्रशरवर धुळीचे नमुने घेण्याचं काम करते. हे लिहितेय ते खदानीचे मेट, फोरमन, क्रशरचे सुपरवायझर आणि छोटे मालक यांच्यासाठी. पाणी टँकरने विकत घ्यावं लागतं अशा आपल्या मुलखात धूळ मारायची असेल तर ती आधी माणसाच्या नाकाजवळ मोजावी लागते, नाहीतर पाणी भलतीकडेच जातं. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा ठिकाणी 'दिवसभर सगळीकडे पाणी मारा' हा सल्ला मालक ऐकतो, हो म्हणतो आणि मार्चनंतर बंद करतो. त्याला कुठल्या जागी, कुठल्या वेळी, किती पाणी लागतं ते सांगितलं तर तो मे महिन्यातही करतो. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

कुठली धूळ मोजायची

डोळ्यांना दिसणारा धुराळा आणि फुफाटा त्रासदायक असतो, खोकला आणतो, पण त्यातले जाड कण नाकात, घशात अडकतात आणि शेंबडातून, थुंकीतून बाहेर पडतात. फुप्फुसाच्या अगदी तळाशी, वायुकोशांपर्यंत पोचतात ते साधारण चार-पाच मायक्रॉन आणि त्याहून बारीक कण. यालाच श्वसनीय धूळ म्हणतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, त्यामुळे सुटा कण दिसण्याचा प्रश्नच नाही. दगडाचा दोन मायक्रॉनचा कण अगदी शांत हवेतही माणसाच्या नाकाच्या उंचीवरून जमिनीवर यायला तासाभराहून जास्त घेतो. म्हणजे टिप्पर रिकामा होऊन गेला, ढग विरला, हवा स्वच्छ दिसायला लागली, तरी धोक्याची धूळ तिथेच तरंगत असते.

पत्र्याच्या शेडमध्ये एखाद्या फटीतून उन्हाची तिरीप आत येत असेल तर बाजूच्या सावलीत उभं राहून त्या तिरिपीकडे, सूर्याच्या दिशेने बघा. सूर्य थेट डोळ्यांत येऊ देऊ नका, मधे पत्रा किंवा हात धरा. एरवी न दिसणारी बारीक धूळ त्या उजेडात झळकते आणि कुठून निघून कुठे वाहतेय ते दिसतं. रात्रपाळीला हेच काम चांगल्या बॅटरीच्या झोताने होतं. आकडा मिळत नाही, पण एक पैसा खर्च न करता गळती कुठे आहे ते कळतं. मोजणीच्या आदल्या दिवशी मी हे नेहमी करते.

आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. क्रशरपासून 40 मीटरवर हवेतल्या एकूण तरंगत्या धुळीची भर घनमीटरला 600 मायक्रोग्रॅमच्या आत हवी, असा पर्यावरणाचा नियम आहे, आणि अनेक मालकांकडे तो अहवाल फाइलला लावलेला असतो. तो अहवाल शेजारच्या शेताची, वस्तीची हवा सांगतो. जॉच्या, म्हणजे दगड फोडणाऱ्या जबड्याच्या, तोंडाशी पहार घेऊन उभा असलेला माणूस काय ओढतो, त्याच्याशी त्या कागदाचा काही संबंध नाही. दोन्ही लागतात, एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

नमुना कसा घ्यायचा

लागतं ते एवढं: कमरेला लावायचा बॅटरीवरचा छोटा पंप, प्लास्टिकची नळी, सायक्लोन, आणि त्याच्यावर बसणारी 37 मिलिमीटरची पीव्हीसी फिल्टरची कॅसेट. सायक्लोन म्हणजे अंगठ्याएवढी नळकांडी. आत हवा गरागरा फिरते, जाड कण खालच्या टोपणात पडतात आणि बारीक तेवढे वर फिल्टरवर जातात. हे वेगळं करणं हवेच्या वेगावर अवलंबून असतं, म्हणून प्रत्येक सायक्लोनचा प्रवाह ठरलेला आहे. नायलॉनच्या जुन्या प्रकाराला मिनिटाला 1.7 लिटर, ॲल्युमिनियमच्या एका प्रचलित प्रकाराला 2.5 लिटर. दुसऱ्याचा प्रवाह याला लावला तर आकडा चुकणारच. पंप सुरू करण्याआधी साबणाच्या बुडबुड्याच्या मीटरने प्रवाह तपासा, आणि पाळी संपल्यावर पुन्हा तपासा. दोन्हींत पाच टक्क्यांहून जास्त फरक आला तर तो नमुना बाद समजा. फिल्टर आधी आणि नंतर सूक्ष्म तराजूवर तोलायचा असतो. ते काम प्रयोगशाळेचं, कारण इथे मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागाचा हिशेब आहे. सोबत दोन कोरे फिल्टर साइटवर न्या, त्यांतून हवा न ओढता परत आणा. त्यांच्या वजनात जो फरक पडेल तो बाकीच्या नमुन्यांतून वजा होतो.

सायक्लोन माणसाच्या नाकापासून वीतभर अंतरात, कॉलरला किंवा छातीच्या वर लावायचा. नळी पाठीवरून खाली, शर्टच्या आतून, म्हणजे पहार मारताना अडकत नाही. गिट्टी वेचणाऱ्या, कन्व्हेयर पट्ट्याखालची कच उचलणाऱ्या बायांना हे कसं लावायचं, हे कुठल्याच पुस्तकात मला सापडलं नाही. आपल्याकडे बहुतेक जणी साडीवर पुरुषाचा जुना शर्ट घालतात, त्यामुळे कॉलर मिळते. पंपाचा पट्टा शर्टवरून बांधायचा, साडीच्या निऱ्यांवर नाही, नाहीतर वाकताना पंप घसरतो. पदर सायक्लोनवर येऊ नये म्हणून तो दुसऱ्या खांद्यावरून खोचायला सांगायचं. कुणी धुळीपासून बचाव म्हणून पदर नाकावर बांधत असेल तर बांधू द्या, सायक्लोन मात्र त्याच्या बाहेर राहिला पाहिजे. आपण हवा मोजतोय, कापड नाही.

"ताई, हे काय करायलंय?" असं प्रत्येक जण विचारतो, आणि तिथे नीट पाच मिनिटं द्यायची. आवाज टेप होत नाही, हजेरी लागत नाही, काम किती केलं ते यात कळत नाही, हे सांगायचं. हे न सांगता पंप बांधला तर माणूस दिवसभर अवघडून धुळीपासून लांब उभा राहतो, किंवा जेवायला बसताना काढून बाजेवर उलटा टाकतो. सायक्लोन उलटा झाला की टोपणातला जाड कचरा फिल्टरवर सांडतो आणि नमुना गेला. म्हणून पंप लावून गाडीत जाऊन बसू नका. साइटवरच थांबा, दर तासाला प्रवाह बघा आणि वहीत लिहीत राहा: 9.10 ला हॉपर (टिप्पर दगड ओततो ते तोंड) जाम, पहारीने सोडवला, 10.40 ला डिझेल भरण्यासाठी बंद, 11.00 ला पट्ट्याखालचं झाडणं. अहवालात पुढे कामाला येते ती ही वही.

पूर्ण पाळीचा नमुना घ्या. आणि पावसाळ्यात, किंवा 'मोजायला येणार' म्हणून आदल्या रात्री सगळा रस्ता भिजवलेल्या दिवशी घेऊ नका. फेब्रुवारी ते मे, नेहमीसारखं काम चालू असताना घ्या. खाणीच्या नियमांप्रमाणे ही मोजणी सहा महिन्यांतून एकदा तरी व्हायला हवी. आकडा मर्यादेच्या निम्म्याच्या वर गेला तर दर तीन महिन्यांनी, पाऊण पटीच्या वर गेला तर दर महिन्याला.

आकड्याचा अर्थ

धरून चाला, 1.7 लिटरने 480 मिनिटं हवा ओढली. झाली 816 लिटर, म्हणजे 0.816 घनमीटर. फिल्टरचं वजन 1.14 मिलिग्रॅम वाढलं. भागाकार केला की घनमीटरला साधारण 1.4 मिलिग्रॅम श्वसनीय धूळ. इथे थांबून 'बरं आहे की वाईट' विचारलं तर उत्तर देता येत नाही, कारण त्या धुळीत क्वार्ट्झ किती ते अजून कळलेलं नाही. त्यासाठी तोच फिल्टर इन्फ्रारेड किंवा क्ष-किरण विवर्तन पद्धतीने तपासून घ्यावा लागतो. दगडाचा तुकडा तपासून आलेला टक्का इथे लावू नका. फुटताना सगळी खनिजं सारखी बारीक होत नाहीत.

कारखाने अधिनियम 1948 च्या (नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी नवी संहिता आली) दुसऱ्या अनुसूचीत श्वसनीय धुळीची मर्यादा काढायचं सूत्र होतं: 10 ला (क्वार्ट्झचा टक्का अधिक 2) ने भागा. बेसाल्टच्या धुळीत 3 टक्के निघाले तर मर्यादा 2 मिलिग्रॅम, आणि आपला 1.4 चा माणूस तिच्या आत बसतो. ग्रॅनाइटच्या धुळीत 20 टक्के निघाले तर मर्यादा 0.45, आणि तेवढीच धूळ ओढणारा माणूस तिच्या तिप्पट घेतोय. खाणीच्या हद्दीत, सिलिका पाच टक्क्यांच्या वर असेल तेव्हा, 15 ला टक्क्याने भागतात. वीस टक्क्यांना 0.75. कुठलंही सूत्र लावा, देगलूरकडचा माणूस नापासच.

मी स्वतः आणखी कडक आकडा समोर ठेवते. अमेरिकेत कारखान्यांसाठी 2016 साली आणि खाणींसाठी 2024 साली जाहीर झालेल्या नियमांत स्फटिक सिलिकेची मर्यादा घनमीटरला 0.05 मिलिग्रॅम आहे. वरच्या ग्रॅनाइटवाल्याच्या हवेत ती 0.28 भरते. सिलिकोसिसला, म्हणजे सिलिकेच्या धुळीने फुप्फुसाला होणाऱ्या आजाराला, औषध नाही, आणि धुळीचं काम सोडल्यावरही तो वाढत जाऊ शकतो. 1997 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने श्वासातली स्फटिक सिलिका कर्करोगकारक म्हणून नोंदवली आहे. एवढं माहीत असताना 'आपल्याकडच्या सूत्रात बसतंय ना' म्हणून समाधान मानणं मला पटत नाही.

धूळ नेमकी कधी येते ते शोधा

फिल्टर आठ तासांची सरासरी देतो. ती मर्यादेबाहेर गेली तर पुढचा प्रश्न हा की त्या आठ तासांतली कुठली मिनिटं वाईट होती. यासाठी प्रकाशाच्या विखुरण्यावर चालणारं, क्षणाक्षणाला आकडा दाखवणारं डस्ट मीटर एक-दोन दिवस भाड्याने घ्या. ते कामगाराला लावा, त्याचं घड्याळ आणि आपल्या मोबाइलचं घड्याळ मिळवून घ्या, आणि लांबून व्हिडिओ काढत राहा. संध्याकाळी दोन्ही शेजारी ठेवून बघितलं की कामगाराला, मुकादमाला, मालकाला एकाच वेळी कळतं. या मीटरचा आकडा मर्यादेशी ताडून बघायचा नसतो, कारण ते दुसऱ्याच धुळीवर जुळवलेलं असतं. शिवाय फवाऱ्याच्या तुषारांनाही ते धूळच समजतं. पाणी चालू केल्यावर आकडा वाढला म्हणून घाबरू नका, आणि पाण्याचा फायदा झाला की नाही ते ठरवायला पुन्हा फिल्टरच लावा.

जॉवरच्या माणसाच्या बाबतीत बहुतेक वेळा असं दिसतं: सगळ्यात उंच टोकं येतात ती कोरडा डबर हॉपरमध्ये ओतला जातो तेव्हा, जाम सोडवायला तो तोंडावर वाकतो तेव्हा, आणि सुट्टी होताना कॉम्प्रेसरच्या हवेने तो कपडे झटकतो तेव्हा. शेवटची गोष्ट आजच्या आज, फुकटात बंद होते. तिथे ओला फडका आणि बादली ठेवा. कोरडं झाडणंही तसंच. पट्ट्याखालची कच आधी भिजवून मगच ओढा.

पाणी कुठे मारायचं

दगड फुटतो त्या क्षणी, धूळ हवेत उठायच्या आधी मारलेलं पाणी सगळ्यात कामाचं. उठलेली बारीक धूळ फवाऱ्याने खाली पाडणं फार अवघड असतं, कारण मोठ्या थेंबाला ती वळसा घालून निघून जाते. म्हणून पहिलं पाणी ब्लास्टिंगनंतरच्या ढिगाऱ्यावर, पोकलेनने भरायच्या आधी. दुसरं हॉपरवर, टिप्पर ओतत असतानाच. तिथे एक साधा झडपेचा दांडा बसवा, टिप्पर मागे आला की चालू, गेला की बंद. तिसरं जॉच्या खाली, दगड पट्ट्यावर पडतो तिथे. सगळं मिळून दगडाच्या वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास पाणी पुरतं. शंभर टनाला हजार लिटर. टँकरवाल्याला फोन करण्याआधी हा हिशेब मांडून बघा. जुन्या खदानीच्या खड्ड्यात पावसाचं पाणी साचलेलं असेल तर ते चालतं, पण त्यातल्या गाळाने नोझल बुजतात. टाकीच्या तोंडाला आणि पंपाच्या पुढे जाळी हवीच, आणि नोझल रोज सकाळी उघडून साफ करायचं काम एका माणसाच्या नावाने नेमून द्या. बुजलेलं नोझल आणि नसलेलं नोझल यात फरक नाही.

व्हायब्रेटिंग स्क्रीनवर, म्हणजे खडी चाळणाऱ्या हलत्या चाळणीवर, मात्र पाणी सोडू नका. बारीक जाळीत चिखल होऊन भोकं बंद होतात, उत्पादन पडतं, आणि मग मालक सगळ्याच जागचं पाणी बंद करून टाकतो. स्क्रीन पत्र्याने चारी बाजूंनी झाका, सांध्यांना रबर लावा, आणि ऐपत असेल तर आतली हवा ओढून बॅग फिल्टरमध्ये न्या. झाकण तपासणीसाठी उघडतं असं करा, नाहीतर मेस्त्री ते काढून ठेवेल आणि परत लावणार नाही. पट्ट्याच्या टोकाला जुन्या कन्व्हेयर बेल्टच्या पट्ट्या कापून पडदा लावता येतो, याला जवळजवळ काहीच खर्च नाही. ढिगावर माल जितक्या उंचीवरून पडेल तितकी धूळ जास्त, म्हणून पट्ट्याचं टोक ढिगाच्या जवळ ठेवा.

सुरुंगाचं होल मारण्याबद्दल मला जास्त कळकळ आहे, कारण खदानीतली सगळ्यात वाईट धूळ तिथे असते आणि ती एकाच माणसाच्या तोंडावर येते. ट्रॅक्टरच्या कॉम्प्रेसरवर कोरडं जॅक हॅमर चालवणारा पोरगा दिवसभर स्वतःच्या होलमधून उडणाऱ्या पिठावर वाकलेला असतो. पाण्याची सोय असलेलं जॅक हॅमर मिळतं, त्यात सळईच्या पोकळीतून पाणी थेट होलच्या तळाशी जातं. पाण्याचा दाब हवेच्या दाबापेक्षा थोडा कमी ठेवायचा, नाहीतर पाणी मशीनमध्ये शिरतं. एका होलला लागणारं पाणी रस्त्यावर ओतल्या जाणाऱ्या पाण्यापुढे काहीच नाही. जिथे पाणी पोचतच नाही तिथे होलच्या तोंडावर झाकण बसवून धूळ ओढून घेणारी यंत्रणा लावा. तीही नसेल तर कोरडं होल मारू नका, असंच मी सांगते.

रस्त्यावर मी पाणी सगळ्यात शेवटी मारते. मे महिन्याच्या दुपारी ते बघता बघता उडून जातं. हायवाचा वेग कमी करा, रस्त्यावर मुरमाऐवजी जाड खडी टाका, साचलेला फुफाटा खरवडून काढा. हवेतला ओलावा धरून ठेवणारी क्लोराइडची रसायनं विकणारे येतात, पण आपल्या एप्रिल-मेच्या हवेत धरून ठेवण्याइतका ओलावाच नसतो. पोकलेन आणि हायवाच्या केबिनची काच बंद, एसी चालू आणि फिल्टर साफ असेल तर ड्रायव्हर बराच वाचतो. दाराचं रबर फाटलेलं असेल तर आधी ते बदला.

मास्क या सगळ्यानंतर येतो. उपरणं, गमछा, रुमाल, ओला केला तरी, श्वसनीय धूळ अडवत नाही. एन 95 किंवा एफएफपी 2 दर्जाचा मास्क दाढी असलेल्या चेहऱ्यावर नीट बसत नाही, आणि घामाने चिंब झाला की माणूस तो हनुवटीखाली ओढतो. जाम सोडवणं, फिल्टरची पिशवी बदलणं अशा थोड्या मिनिटांच्या कामाला तो द्या आणि तेव्हा काटेकोरपणे लावून घ्या. दिवसभराचा भार त्याच्यावर टाकू नका.

कामगारांच्या झोपड्या कुठे आहेत तेही बघा. अनेक साइटवर त्या क्रशरच्या अगदी कडेला असतात, आणि आपल्या पंपाची पाळी संपली तरी तिथल्या लेकरांची संपत नाही. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, हिवाळ्यात बहुधा उत्तर-पूर्वेकडून. काठीला चिंधी बांधून महिनाभर नोंद ठेवा आणि झोपड्या त्या हिशेबाने हलवा. कामाचे कपडे साइटवरच धुवायची सोय करा, म्हणजे धूळ घरच्या अंथरुणापर्यंत जाणार नाही.

छातीचा एक्स-रे कामावर घेताना आणि नंतर ठरलेल्या काळाने काढावाच लागतो, पण त्यात डाग दिसेपर्यंत वर्षं निघून गेलेली असतात. माझ्या ओळखीतल्या एका होल मारणाऱ्या काकांना पुन्हा पुन्हा टीबीचंच औषध देत राहिले. ते काय काम करतात हे कुणीच विचारलं नव्हतं. सिलिकोसिस असलेल्याला टीबी होण्याची शक्यता जास्त असते, दोन्ही एकाच छातीत असू शकतात. म्हणून नांदेडच्या शासकीय रुग्णालयात, अंबाजोगाईला, किंवा संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात जाताना कामगाराने आपल्या धुळीच्या अहवालाची प्रत आणि किती वर्षं कुठलं काम केलं ते लिहिलेला कागद सोबत न्यावा. सिलिकोसिस हा कायद्याने कळवायचाच आजार आहे आणि भरपाईचा हक्क त्याला जोडलेला आहे. तेव्हा हा कागद लागतो.

फवारे, पडदे, झाकणं बसली की महिन्याच्या आत पुन्हा मोजा: तोच माणूस, तेच काम, तसाच कोरडा दिवस. दोन्ही आकडे क्रशरच्या ऑफिसबाहेर मोठ्या अक्षरांत लावा, मराठीत आणि हिंदीत, आणि देगलूर-बिलोलीकडे असाल तर तेलुगूतही. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मुकादमाने पगाराच्या दिवशी, सगळे जमलेले असताना, वाचून दाखवावं.